तीन क्लासची एकत्रित स्पर्धा: मुलांच्या फाईटसाठी कोणते नियम लावावेत?

विश्रामबागचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार. सांगली परिसरातील तीन क्लासचे प्रशिक्षक आणि आमची शाळा यांनी मिळून येत्या हिवाळ्यात मुलांची एक दिवसाची फाईट स्पर्धा घ्यायचे ठरवले आहे. एक क्लास कराटेचा, दुसरा तायक्वांदोचा आणि तिसरा किकबॉक्सिंगचा आहे. मुले-मुली 8 ते 17 या वयाची असून बरीचशी तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळकडील गावांतून येतील. शाळेचे सभागृह अपुरे पडते, म्हणून मंगल कार्यालय भाड्याने घेण्याचा विचार आहे.

खरी अडचण नियमांची आहे. कराटेचे सर म्हणतात की फटका नियंत्रित असावा, लागता कामा नये. तायक्वांदोच्या सरांचे म्हणणे असे की त्यांची मुले चेस्ट गार्डवर जोरात लाथ मारायलाच शिकली आहेत आणि ऐन फाईटमध्ये पाय आवरता घेणे त्यांना जमणार नाही. किकबॉक्सिंगच्या सरांनी यावर तोडगा सुचवला की सगळ्यांना हेडगार्ड आणि ग्लोव्हज द्यावेत, ‘लाईट कॉन्टॅक्ट’ असे जाहीर करावे आणि तिन्ही क्लासची मुले एकमेकांशी लढवावीत. पालकांच्या सभेतही सर्वांचा पहिला प्रश्न हेडगार्डचाच होता आणि ते मिळणार म्हटल्यावर बहुतेकांचे समाधान झाले. मला स्वतःला हा तोडगा सोयीचा वाटतो. पण मी खो-खो आणि ॲथलेटिक्समधला माणूस असल्यामुळे या खेळांतील जाणकारांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटले. नियम, साहित्य, डॉक्टरांची व्यवस्था आणि पालकांचे संमतीपत्र यांबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

मॅटवरचा पंच

सर, आपण विचारून घेतलेत हे फार बरे झाले, कारण सोयीचा वाटणारा तोडगाच या तिन्हींमध्ये सर्वांत धोक्याचा आहे. प्रत्येक खेळाच्या नियमांत कोणता फटका चालतो, कुठे चालतो आणि किती जोराने चालतो हे ठरलेले असते. मुलाचा बचाव आणि अंगावरचे साहित्य या दोन्ही गोष्टी त्या ठरलेल्या मापाच्याच असतात. दोन खेळांची मुले समोरासमोर उभी केली की हे माप दोन्ही बाजूंनी मोडते.

उदाहरण घेऊन सांगतो. जागतिक तायक्वांदो महासंघाच्या नियमांत हाताचा ठोसा फक्त धडावर चालतो, चेहऱ्यावर हात मारल्यास दंड होतो. त्यामुळे तायक्वांदोच्या मुलाचे हात बऱ्याचदा खाली असतात आणि तोंडावर येणारा ठोसा अडवण्याची त्याला सवयच नसते. कराटेच्या मुलाचा मात्र पहिला डाव चेहऱ्याच्या दिशेने जाणारा सरळ ठोसा असतो. उलट बाजूने पाहिले तर तायक्वांदोत धडावरील लाथ जोरात बसणे हा खेळाचाच भाग आहे आणि तिथला जाड चेस्ट गार्ड त्यासाठीच बनवलेला असतो. कराटेचा मुलगा कपड्याच्या आत जो पातळ गार्ड घालतो, तो तसल्या लाथेसाठी बनवलेला नसतो. एकाचा चेहरा उघडा आणि दुसऱ्याच्या बरगड्या उघड्या, अशी ही लढत होईल. सगळ्यांना सारखे हेडगार्ड दिल्याने यात काहीही बदलत नाही.

गुणांची पद्धतही जुळत नाही. कराटेत ठोशाला 1, धडावरील लाथेला 2 आणि डोक्याकडील लाथेला 3 गुण मिळतात. तायक्वांदोत धडावरील ठोशाला 1, धडावरील साध्या लाथेला 2, डोक्यावरील लाथेला 3 आणि अंग फिरवून मारलेल्या लाथेला धडावर 4 व डोक्यावर 5 गुण मिळतात. अंग फिरवताना क्षणभर समोरच्याकडे पाठ होते. तायक्वांदोत अशा लाथेला जास्त गुण आहेत, तर कराटेत स्वतःचा बचाव सोडून प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करणे हा दंडनीय दोष आहे. एकाच फाईटमध्ये पंचाने कोणती बाजू घ्यायची?

नियंत्रण म्हणजे नेमके काय, हे पालकांना समजावण्यासाठी टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण वापरा. 7 ऑगस्ट 2021 रोजी पुरुषांच्या 75 किलोंवरील गटाच्या अंतिम फेरीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी गुणांत पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. अतिरिक्त संपर्काबद्दल हमेदीला अपात्र ठरवण्यात आले आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. पाहणाऱ्या अनेकांना हा निर्णय उलटा वाटला, तरी कराटेच्या नियमांनुसार तो बरोबर होता. बॉक्सिंगमध्ये नियमाने मारलेल्या ठोशाने प्रतिस्पर्धी असा बेशुद्ध पडला असता, तर मारणारा विजेता ठरला असता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. तिन्ही खेळांच्या फाईट स्वतंत्र ठेवाव्यात, प्रत्येकाला त्याच्या खेळाचे नियम लावावेत आणि त्याच खेळाचे पंच बसवावेत. स्पर्धा एका दिवशी, एका छताखाली आणि एकाच बक्षीस समारंभात झाली तरी मैत्री होतेच. शिवाय ‘लाईट कॉन्टॅक्ट’ हा किकबॉक्सिंगमधील स्वतंत्र प्रकार आहे. त्याला त्याचे नियम आणि त्याचे सराव झालेले पंच लागतात. स्पर्धेच्या सकाळी माईकवरून तसे जाहीर केले म्हणून मुलांचे हातपाय हलके होत नाहीत.

दहा वर्षांखालील मुलांसाठी आणखी एक सुचवतो. त्यांच्या फाईट ठेवूच नका. काता आणि पूमसे (कराटे व तायक्वांदोतील एकट्याने करून दाखवायच्या ठरावीक हालचाली) आणि पॅडवरील लाथांची स्पर्धा ठेवा. पालक थोडे नाराज होतील, तेवढे सहन करा.

मिरजेचा डॉक्टर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. हेडगार्डविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण पालकांच्या समाधानाचा सगळा भार आपण त्याच्यावर टाकलेला दिसतो.

हेडगार्डमुळे भुवई फुटणे, कान दुखावणे, कातडी सोलणे, मॅटवर आपटल्यावर टाळूला खोक पडणे या गोष्टी कमी होतात आणि त्यासाठी तो जरूर वापरावा. मेंदूला बसणारा हादरा, ज्याला आपण कन्कशन म्हणतो, तो हेडगार्डने टळतो असा भरवशाचा पुरावा मात्र नाही. हा हादरा कवटीला मार लागल्यामुळे बसतो त्याहून अधिक डोके झटक्याने फिरल्यामुळे बसतो. कळशीला बाहेरून कितीही जाड कापड गुंडाळले तरी ती हिसकली की आतले पाणी हिंदकळतेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये मुलांच्या मार्शल आर्ट्सविषयी अहवाल काढला, त्यातही हेडगार्ड आणि माऊथ गार्डवर विसंबून मुलांना डोक्यावर मार खाऊ देऊ नये, असाच सूर आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये 2013 पासून वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकण्यात आले. त्या निर्णयावर वाद आहे आणि तो मुलांना लागू करावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण हेडगार्ड म्हणजे सुरक्षितता हे समीकरण त्या खेळातील लोकांनीही मानलेले नाही, एवढे त्यावरून कळते. मला त्याहून मोठी चिंता वाटते ती अशी की हेडगार्ड दिसला की मारणाऱ्याचा हात सैल सुटतो आणि पंचाचा हात उशिरा उठतो.

माऊथ गार्डचे तसे नाही. दात, ओठ आणि जीभ वाचवण्यासाठी तो निःसंशय उपयोगी आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा प्रकार घ्यावा, तो प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सरावात वापरून झालेला असावा. नवा, न बसवलेला माऊथ गार्ड मूल दर दहा सेकंदांनी थुंकते. कायमचा दात निखळून पडलाच तर त्याचे मूळ घासू नये. दात तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून दुधात ठेवावा आणि मुलासह तातडीने दंतवैद्याकडे पोहोचावे. अर्ध्या-पाऊण तासात तो परत बसवला तर टिकण्याची शक्यता चांगली असते. दुधाची पिशवी मंगल कार्यालयात चहासाठी असतेच, ती कुठे आहे हे प्रथमोपचाराच्या टेबलावर ठाऊक असू द्या.

डॉक्टरांविषयी. डॉक्टर उपस्थित आहेत, एवढ्याने भागत नाही. अनेक स्पर्धांत डॉक्टरांना व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांशेजारी बसवले जाते, हार घातला जातो आणि मॅटवर मूल पडले की माईकवरून त्यांना हाक मारावी लागते. डॉक्टरांची खुर्ची मॅटच्या कडेला असावी, एका वेळी दोनहून अधिक मॅट एका डॉक्टरवर सोपवू नयेत आणि ‘हे मूल आता लढणार नाही’ असे डॉक्टरांनी म्हटल्यावर त्यावर ना प्रशिक्षकाचे अपील चालावे ना वडिलांचे. हे स्पर्धेच्या नियमपत्रिकेत आधीच छापा. त्या क्षणी तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

डोक्याला मार लागल्यानंतर मूल बेशुद्ध झाले नाही, म्हणजे काही झाले नाही, असे समजू नये. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. गोंधळलेली नजर, तोल जाणे, आपण कुठे आहोत किंवा गुण किती झाले हे न आठवणे, डोकेदुखी, मळमळ, उजेड नकोसा वाटणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्या मुलाची त्या दिवसाची स्पर्धा संपली. अर्ध्या तासाने बरे वाटले तरीही संपली. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, फिट येणे, बुबुळे लहान-मोठी दिसणे किंवा हातापायांतील जोर कमी होणे असे काही असेल तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सांगली-मिरजेत ती सोय जवळच आहे. मानेला दुखापत झाल्याची शंका असेल तर मुलाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये आणि हेडगार्ड ओढून काढू नये.

पुढचे काही दिवसही महत्त्वाचे असतात. पहिले एक-दोन दिवस तुलनेने विश्रांती, मग चालणे, मग हलका व्यायाम, मग स्पर्शाविना सराव आणि वैद्यकीय परवानगीनंतरच फाईट, असा क्रम असतो आणि प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस थांबायचे असते. बॉक्सिंगच्या हौशी नियमांत डोक्याच्या फटक्याने नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान 30 दिवस रिंगबाहेर ठेवतात. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीवही जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते ते मुख्यतः कोवळ्या वयातच.

रुग्णवाहिका जागेवर उभी असावी. 108 ही सेवा तातडीच्या प्रसंगी बोलवायची आहे, ती आपल्या दारात दिवसभर थांबेल असे गृहीत धरू नये. उभी असलेली गाडी एखाद्या मुलाला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत सर्व मॅट थांबवाव्यात. कार्यक्रम रखडेल, पाहुणे खोळंबतील. त्यास इलाज नाही.

कुंडलचा तालीमवाला

मी कुस्तीतला माणूस, लाथाबुक्क्यांच्या खेळातले मला फारसे कळत नाही. परंतु एका बाबतीत आमच्याकडची रीत आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्या भागातल्या कुस्ती मैदानात जोड लावली जाते. चिठ्ठ्या टाकून कोणालाही कोणासमोर उभे करत नाहीत. वजन, उंची, किती वर्षे तालीम झाली आणि मागच्या कुस्त्या कशा झाल्या हे पाहून जाणती मंडळी जोड ठरवतात आणि विजोड जोड लागली तर प्रेक्षकच ओरडून ती मोडायला लावतात. आपली स्पर्धा मैत्रीची आहे. मग नुसत्या वयोगटावर ड्रॉ काढून पिवळ्या पट्ट्याचा चौदा वर्षांचा मुलगा काळ्या पट्ट्याच्या चौदा वर्षांच्या मुलासमोर का उभा करायचा? या वयात एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. वय, वजन आणि पट्टा तिन्ही पाहून चार-चार मुलांचे छोटे गट करा आणि ज्याची जोड जुळत नाही त्याला प्रात्यक्षिक करायला लावून प्रमाणपत्र द्या.

दुसरे म्हणजे वजन. खालच्या गटात बसण्यासाठी मुलाला उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, रेक्झिनचे कपडे घालून पळवणे हे प्रकार कुस्तीत आम्ही पाहत आलो आहोत आणि इतर खेळांतही ते होतात. सुकलेले मूल लढायला उभे करणे हा अपराध आहे, असे मी मानतो. वजन स्पर्धेच्या सकाळी जागेवरच घ्या आणि मूल किलोभर जास्त भरले तर त्याला बाद न करता वरच्या गटात घाला. वजन उतरवून काही मिळत नाही हे कळले की प्रशिक्षक आपोआप ते बंद करतात.

विश्रामबागचा मास्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. तीनही प्रशिक्षकांना हा धागा दाखवला. एकत्र फाईट रद्द करण्यास दोघे तयार आहेत, तिसऱ्यांशी बोलणे चालू आहे. जोड लावण्याची कल्पना सर्वांनाच पटली.

दोन प्रश्न शिल्लक आहेत. संमतीपत्रात ‘कोणत्याही दुखापतीस आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असे वाक्य दरवेळी छापतात, त्याला कायद्यात किती अर्थ आहे? आणि मंगल कार्यालयाच्या सभागृहात मधोमध खांब आहेत. तिथे मॅट घालता येतील का?

सातारा कोर्टातला वकील

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे; प्रत्यक्ष मसुदा आपल्या वकिलांकडून तपासून घ्यावा.

खेळातील दुखापतीविषयी कायद्याने विचारच केलेला नाही असे नाही. भारतीय दंड संहितेचे कलम 87, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 25 झाले आहे, नेमके याच विषयावर आहे. त्यातील उदाहरणच असे आहे की दोन व्यक्ती करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायला तयार झाल्या, तर खेळात लबाडी न करता जी इजा होईल ती सोसण्यास दोघांची संमती आहे असे मानले जाते आणि नियमाने खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र या संरक्षणाला कुंपण आहे. संमती देणारी व्यक्ती 18 वर्षांवरील असावी लागते. कृती मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याच्या हेतूने केलेली नसावी आणि तिच्यातून तसे घडण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसावे. कायद्याच्या व्याख्येत हाड किंवा दात मोडणे हीदेखील जबर दुखापत आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

आपली सर्व मुले 18 वर्षांखालील आहेत. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार मुळातच निरर्थक ठरतो, त्यामुळे मुलांच्या सहीला काही किंमत नाही. पालकांची सही अवश्य घ्यावी, पण ती नियमाने चाललेल्या खेळातील नेहमीच्या जोखमीसाठी आहे, असे समजून घ्यावे. डॉक्टर नसताना फाईट घेतल्या, विजोड मुले लढवली, चक्कर आलेल्या मुलाला पुन्हा उभे केले, तर तो आयोजकांचा निष्काळजीपणा होतो आणि दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या निष्काळजी कृत्यासाठी न्याय संहितेत कलम 125 आहे. जबाबदार नाही असे छापून ती जबाबदारी टळेल, या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा संमतीपत्र उपयोगी करा. स्पर्धेत कोणते फटके चालतात हे मराठीत सोप्या शब्दांत लिहा, म्हणजे पालक कशाला होकार देत आहेत हे त्यांना कळेल. दमा, फिट्स, हृदयविकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा डोक्याचा मार, चालू औषधे, ॲलर्जी, रक्तगट आणि त्या दिवशी नक्की उचलला जाईल असा फोन नंबर यांसाठी जागा ठेवा. तातडीच्या उपचारांना आगाऊ परवानगी घ्या. एका दिवसासाठी सामूहिक अपघात विमा मिळतो का याची चौकशी करा. आणि प्रमाणपत्रावर ‘राज्यस्तरीय’ किंवा ‘राष्ट्रीय’ असे शब्द छापू नका; पुढे ते क्रीडा गुणांसाठी दाखवले गेले की वाद आपल्या दारात येतो.

मॅटवरचा पंच

खांबांचे उत्तर. कराटेच्या जागतिक नियमांत लढण्याची जागा 8 बाय 8 मीटर असते, तिच्या चारी बाजूंना 2 मीटर मोकळी सुरक्षित जागा असते आणि त्या जागेच्या कडेपासून आणखी 1 मीटरच्या आत भिंत, खांब किंवा जाहिरातीचा फलक असू नये असे सांगितले आहे. म्हणजे एका मॅटला जवळपास 14 बाय 14 मीटर हवेत. तायक्वांदोत लढण्याची जागा 8 मीटरचीच असते, मात्र सुरक्षित पट्टा धरून किमान 10 बाय 10 मीटर चालते. मधोमध खांब असलेल्या सभागृहात ही मापे बहुधा बसणार नाहीत. खांबाला गादी गुंडाळून भागवू नका. लढण्याची जागा लहान करून 6 मीटरची केली तरी चालेल, मोकळा पट्टा मात्र कमी करू नका. तेही जमत नसेल तर दुसरे कार्यालय पाहा किंवा एकच मॅट घाला.

मॅट भाड्याने आणताना जाडी आणि कडांची दातेरी पकड तपासून घ्या. फरशीवर सरकणाऱ्या मॅटच्या फटीत पायाचे बोट अडकून ते मोडते, किंवा घोटा मुरगळतो. ही दुखापत ठोशा-लाथांच्या दुखापतींपेक्षा मी जास्त वेळा पाहिली आहे. दर काही फाईटनंतर स्वयंसेवकांनी फटी पायाने सारून घ्याव्यात. मॅटवर रक्त सांडले तर फाईट थांबवून, हातमोजे घालून, जंतुनाशकाने पुसून मगच पुढे जावे आणि रक्त थांबून जखम झाकली जाईपर्यंत त्या मुलाला मॅटवर घेऊ नये.

साहित्याची तपासणी मॅटवर करू नका, आधी वेगळ्या टेबलावर करा. नखे, कडे, अंगठी, कानातले, गळ्यातील गोफ आणि केसांतील धातूच्या पिना तिथेच उतरवून घ्या. लाल धागे काढायला मुले कुरकुर करतात, त्यावर चिकटपट्टी लावून द्या. चष्मा चालत नाही. दातांना तारा असलेल्या मुलांना डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सोडू नका आणि त्यांचा माऊथ गार्ड तारांवर बसणाराच असावा. ग्रॉइन गार्ड (जांघेचा), शिन गार्ड (नडगीचा) आणि मुलींचा चेस्ट गार्ड आयत्या वेळी मैत्रिणीचा किंवा मित्राचा मागून घालतात. तो मापाचा नसेल तर फाईट नाही, असे ठाम ठेवा.

पंचांनाही एक अधिकार लिहून द्या. कराटेत पडलेला खेळाडू 10 सेकंदांत पायावर उभा राहिला नाही तर तो त्या स्पर्धेतील सर्व फाईटमधून बाद होतो आणि 8 गुणांची आघाडी झाली की फाईट संपते. हे दोन्ही नियम मुलांसाठी वरदान आहेत. आपल्या स्पर्धेत आघाडीची मर्यादा 6 ठेवली तरी कोणाचे नुकसान नाही. चौदा वर्षांखालील मुलांना दीड मिनिटाची एक फाईट पुरे. त्यांच्या गटात चेहऱ्याला हात लागला की गुण देऊ नका, ताकीद द्या. अट एवढीच की पहिल्या फाईटपासून द्या, दुपारी सुरुवात करून उपयोग नाही.

लहान गट सकाळी आधी उरका. उद्घाटनाची भाषणे त्यांच्या नंतर ठेवता आली तर पाहा, कारण वॉर्म-अप करून घाम आलेली मुले तासभर थंड फरशीवर बसली की पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू धरतो. मूल एक फाईट संपवून आले की पुढच्या फाईटआधी त्याला निदान दहा मिनिटे मिळतील असा क्रम लावा आणि तो क्रम सांभाळण्यासाठी एक माणूस फक्त त्याच कामाला ठेवा. तिसरे सर अजून ऐकत नसतील तर त्यांच्या क्लासच्या फाईटसाठी वेगळा मॅट आणि त्यांच्याच खेळाचे पंच द्या. इतर दोन मॅटवरची मुले तिकडे पाठवू नका.